मार्केट कॅप मोठी असली म्हणजे कॉइन विकला जातोच असं नाही

मार्केट कॅप, व्हॉल्यूम (दिवसभरातली एकूण खरेदी-विक्री) आणि एफडीव्ही, यांतला कुठला आकडा बघून क्रिप्टो कॉइन घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या आकड्यावर विसंबून माझे पैसे गेलेत, म्हणून लिहितोय.

आम्ही निफाड तालुक्यातले, कांदा-द्राक्षवाले. लासलगावला लिलावात एखाद्या वक्कलाला कमाल भाव मिळतो आणि संध्याकाळी गावभर तोच सांगितला जातो. पण त्या भावाने चाळीतला सगळा कांदा मोजून कुणी घर बांधायला काढत नाही. मार्केट कॅप म्हणजे नेमका तोच गुणाकार: शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले फिरते कॉइन. तेवढे पैसे कुणी आत टाकलेले नसतात.

२०२२ च्या जूनमध्ये बिटकॉइन २० हजार डॉलरच्या खाली आलं, आदल्या नोव्हेंबरात ते ६९ हजारांच्या आसपास होतं. मामेभाऊ म्हणाला, "सगळंच स्वस्त झालंय. हा छोटा कॉइन घे, शेकडो कोटींची कॅप आहे, बुडेल कसा?" तीन रुपयांनी २० हजार कॉइन घेतले. सप्टेंबरात द्राक्षाची छाटणी तोंडावर आली, मजुरीला पैसे हवे होते. स्क्रीनवर भाव चार रुपये, म्हणजे ८० हजार. विकायला टाकले. चार रुपयांना मागणी होती जेमतेम नऊशे कॉइनची. पुढे साडेतीन, तीन, आणि शेवटचे दोनच्याही खाली गेले. सरासरी २.७० पडली. आले ५४ हजार, त्यातून एक टक्का टीडीएस कापला. हा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजाही होत नाही, नफ्यावर मात्र ३० टक्के कर.

व्हॉल्यूम तेव्हा भरपूर दिसत होता. एकच माणूस आपल्याच दोन खात्यांत घेत-विकत राहिला तरी तो फुगतो. मी आता आधी ऑर्डर बुक बघतो: भावाच्या दोन टक्के खालीपर्यंत किती रुपयांची मागणी उभी आहे. आपल्या रकमेपेक्षा ती कमी असेल तर हात लावायचा नाही. एफडीव्ही म्हणजे अजून यायचे कॉइनही धरून काढलेली किंमत. ती कॅपच्या कितीतरी पट असेल तर आवक बाकी आहे, आणि आवक वाढली की भावाचं काय होतं हे नाशिककराला सांगायला नको.

बिटकॉइनची कॅपही तसाच गुणाकार, पण आपल्यासारख्याला विकताना ही अडचण सहसा येत नाही. तिथे मागणी खोल असते, आणि कॉइनही २ कोटी १० लाखांच्या वर कधी जाणार नाहीत.

मामेभाऊ अजून म्हणतो, चूक मार्केट ऑर्डरची (मिळेल त्या भावाला लगेच विक्री), लिमिट (ठरवलेल्या भावाखाली न विकायची अट) लावायची होतीस. लावायला हवी होती, हे खरं. पण चार रुपयांना घेणाराच नसताना लिमिट लावून कॉइन नुसते पडून राहिले असते, आणि छाटणी थांबत नाही. विकल्यावर तासाभराने भाव पुन्हा चार रुपये दिसत होता, कॅप तेवढीच. खरेदीच्या बाजूला पुन्हा हजारभर कॉइनचीच मागणी होती. तो स्क्रीनशॉट मी त्याला त्याच रात्री पाठवला होता.