कृष्णफळाचा वेल माजलाय? बाटली ठेवा, कात्री घ्या

यंदा पॅशन फ्रूटचे, म्हणजे आपल्या कृष्णफळाचे, आणि दारातल्या कृष्णकमळाचे प्रश्न लई आलेत. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

पन्हाळ्याकडच्या एका दादांनी विचारलंय, वेल दोन वर्षांचा झाला, तारेवर मावत नाही, पण फुलं नावालाच. दुकानदारानं आधी टॉनिक दिलं, मग 19:19:19 हे नत्र-स्फुरद-पालाशचं पाण्यात विरघळणारं खत सोडायला लावलं, आणि शेवटी म्हणे सांगलीकडं द्राक्षाला मारतात ते सीसीसी, म्हणजे वाढ रोखणारं औषध, मारा. आता शेंडे आखडलेत, फूल तरीही नाही.

दादा, तुमचा वेल उपाशी नाही, खाऊन खाऊन माजलाय. तुमच्याच फोटोत मागं ऊस दिसतोय की. बांधावरचा वेल उसाला टाकलेला युरिया फुकटात ओढतो आणि त्यावर तुम्ही ड्रिपनं परत खत सोडताय. नत्र जास्त झालं की नुसता पाला, फूल येणार कुठनं? मोठ्या वेलाला वर्षभरात साधारण 100 ग्रॅम नत्र, 50 ग्रॅम स्फुरद आणि 100 ग्रॅम पालाश बास होतं, तेही तीन-चार हप्त्यांत. 100 ग्रॅम नत्र म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास युरिया, पाटीनं नव्हे! उसाच्या कडेला असाल तर नत्र अजून कमी करा. आणि द्राक्षाचं औषध द्राक्षाला. बाटलीच्या लेबलवर कुठल्या पिकाला चालतं ते छापलेलं असतं, ते वाचा, काउंटरवरच्या माणसाचं ऐकू नका, त्याला माल खपवायचाय. अजून एक, शेजाऱ्यानं उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असेल तर वाऱ्यानं येऊनसुद्धा असे शेंडे वळतात, ते आधी विचारून घ्या, नाहीतर तुम्ही रोग समजून त्यावर आणखी चार फवारे काढाल.

खरं काम कात्रीचं आहे. कृष्णफळाला फूल येतं ते नव्या फुटव्यावर, जुन्या काडीवर नाही. त्यामुळं जुन्या काड्यांचं जंजाळ तसंच ठेवून फुलाची वाट बघणं म्हणजे खोडव्याची पाचट न काढता फुटवे मोजत बसण्यासारखं आहे. बहार संपला, फळं उतरली की तारेवरचे मुख्य हात तसेच ठेवायचे आणि त्याला लोंबणाऱ्या काड्या 4-5 डोळे ठेवून छाटायच्या. पण ऐन पावसात छाटू नका. परत सांगतो, ऐन पावसात छाटू नका, जखमा सुकत नाहीत आणि तिथनं कूज शिरते. आणि तावातावानं बुंध्यापासनं खरडूही नका, जुनं लाकूड फुटेलच याची खात्री नसते, वेल जातो.

मांडवाचा नाद सोडा हे माझं ठाम मत. द्राक्षाचा मांडव बघून सगळ्यांना तसाच करावासा वाटतो, पण आपल्याकडच्या पावसात मांडवाखाली ओल राहते, वरनं गुंता होतो, छाटायला हात पोचत नाही. माणसाच्या उंचीवर एक तार, फार तर खाली दुसरी, आणि काड्या पडद्यागत सोडा. ऊन-वारा लागतो, पिकलेलं फळ खाली पडतं ते उचलायलाही सोपं.

छाटलेला पाला जनावरांपुढं टाकू नका. या पानांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. शेळ्या घरात असतील तर जास्तच लक्ष ठेवा.

कागलच्या ताईंचं उलटं आहे, पिवळ्या जातीला फुलं भरपूर, फळ एक नाही, आणि दुकानदार दर आठवड्याला बोरॉन नाहीतर कीटकनाशक देतोय. ताई, पिवळ्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही. एकाच वेलाच्या काड्या लावून दहा वेल केले तरी तो एकच वेल धरा. वेगळ्या रोपापासनं आलेला दुसरा वेल जवळ पाहिजे. परागीकरण करतो तो मोठा काळा भुंगा, आणि तुम्ही भरदुपारी फवारणी करून त्यालाच मारताय! पिवळ्याची फुलं दुपारी उमलतात, जांभळ्याची सकाळी. उमललेल्या फुलावर काहीच मारायचं नाही, साधं पाणीसुद्धा नाही, पराग भिजला की फुटतो. दुपारी ब्रशनं या वेलाचा पराग त्या वेलाला लावून बघा, खर्च शून्य. भुंगे राहायला वाळकं लाकूड, बांबू बांधावर पडू द्या.

राधानगरीकडं पावसात बुंध्याशी कुजून वेल बसतायत. तिथं पाणी काढून देणं हाच इलाज. लावतानाच उंच गादीवाफा, ड्रिपची नळी बुंध्यापासनं फूटभर लांब, शेणखत बुंध्याला चिकटवायचं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी 1 टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक, म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, बुंध्याला लावा. मिश्रणात विळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना वाढवा. बुरशीनाशकाचा तिप्पट डोस ओतल्यानं कुजलेलं मूळ परत येत नाही, पैसे तेवढे जातात.

राजारामपुरीतल्या काकांचं कृष्णकमळ कंपाउंडवरनं शेजाऱ्याच्या छपरावर गेलंय, आणि कुणीतरी ग्लायफोसेट हे तणनाशक सुचवलंय. काका, नको. त्याची परवानगी चहाच्या मळ्याला आणि बिनपिकाच्या जागेला आहे, तुमच्या गुलाब-जास्वंदाजवळ नाही. बुंधा कापा, मूळ खणून काढा, आणि मुळावरनं फुटवा आला की हातभर व्हायच्या आधी उपटा. काही महिने चिकाटी लागते. ठेवायचाच असेल तर मोठ्या कुंडीत ठेवा. पानं खाणाऱ्या काटेरी अळ्या केशरी फुलपाखराच्या आहेत, काडीनं झाडून काढा, औषध नको.

योजनेचं विचारणाऱ्यांना: राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेच्या यादीत कृष्णफळ नाही. ड्रिपला अनुदान मिळतं, अल्प-अत्यल्प भूधारकांना राज्याचं पूरक धरून 80 टक्के, बाकीच्यांना 75, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, पूर्वसंमती यायच्या आधी सामान घेऊ नका. आणि एकरभर लावायच्या आधी मार्केट यार्डात घेणारा कोण आहे ते विचारून या.