पगारावर जप्ती आली, आता काय?

प्रश्न : ताई, मी सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. 2014 मध्ये फायनान्सवर चारचाकी घेतली. हप्ते थकले तेव्हा त्यांनी गाडी ओढून नेली आणि लिलावात विकली. मला वाटलं विषय मिटला. आता एचआरने बोलावून कोर्टाचा हुकूम दाखवला : 2018 च्या लवादाच्या (कोर्टाबाहेर वाद मिटवणाऱ्या पंचाच्या) निवाड्यावरून पगारजप्ती. माझा एकूण पगार 31 हजार. घर भाड्याचं, दोन मुलं शाळेत. अर्धा पगार कापावा लागेल, असं एचआर म्हणतं. इतक्या वर्षांनी असं करता येतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, कर्जवसुलीत अर्धा पगार कापायचा नियमच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. तुमच्या बाबतीत 30,000 चे 20,000 आणि वरचे 1,000, म्हणजे 21,000 सुरक्षित. कपात जास्तीत जास्त 10,000. तीही एका हुकूमनाम्यापोटी (वसुलीच्या निकालापोटी; लवादाचा निवाडाही त्यातच धरतात) एकूण 24 महिनेच. पुढे त्या हुकूमनाम्यासाठी तुमचा पगार कायमचा मोकळा. पीएफवरही जप्ती येत नाही.

पण हा हिशेब नंतरचा. तुम्ही मशीनवर उभे राहून काम करता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. याच कलमात मजुरांची मजुरी जप्तीतून पूर्णपणे वगळली आहे, आणि मजूर म्हणजे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे सगळेच, हे स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. बोनसही मजुरीतच धरला आहे. कामगार हा मुद्दा मांडतच नाहीत आणि महिन्यामागून महिने पैसे कापले जातात, हे पाहून माझा जीव तुटतो. न्यायालय हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतं : अंगमेहनतीचं की देखरेखीचं? म्हणून जप्तीविरुद्ध कोर्टात हरकत घ्या आणि तिच्या प्रतिज्ञापत्रात रोजचं काम जसंच्या तसं लिहा. जॉब लावणं, टूल बदलणं, व्हर्निअरने माप घेणं, चिप्स काढणं, रात्रपाळी. नेमणूकपत्रात ‘सुपरवायझर’ असेल पण हाताखाली कोणी नसेल, तर तेही सांगा. हरकत मान्य झाली तर 10,000 सुद्धा कापता येणार नाहीत.

आता ‘इतक्या वर्षांनी’चं. निवाड्याची अंमलबजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते, त्यामुळे मुदत गेली म्हणून दरखास्त, म्हणजे कंपनीचा वसुलीचा अर्ज, फेटाळली जाणार नाही. मात्र तो लवाद फायनान्स कंपनीने एकटीनेच परस्पर नेमला होता का, हे वकिलाला नक्की तपासायला लावा. निकालात ज्याचे हितसंबंध आहेत त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे, आणि हा आक्षेप दरखास्तीतही घेतला जातो. गाडी लिलावात कितीला गेली आणि ती रक्कम तुमच्या खात्यात वळती झाली का, याचा उतारा लेखी मागा. आकडा तिथेच फुगलेला असू शकतो.

एचआरवर रागावू नका. कोर्टाचा हुकूम हातात असताना त्यांनी पूर्ण पगार दिला, तर ती रक्कम त्यांच्याच गळ्यात येते. हरकत दाखल केल्याची प्रत त्यांना द्या आणि कपात कलम 60 च्या मर्यादेतच ठेवा, असं पत्र द्या.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जाताना जप्तीचा हुकूम, नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि कर्जाचा करार सोबत न्या. तडजोड करायची झाली तर लोकअदालतीत करा, पण सही करण्याआधी रक्कम आणि हप्ते नीट वाचा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. पैसे फिटले की ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घ्या आणि दरखास्त निकाली काढल्याची नोंद कोर्टात करून घ्या.