शंभरीची गाडी चढावर नेताना

अरे, तुझ्या ऑस्टिन सेव्हनची, त्या चिमुकल्या जुन्या ब्रिटिश मोटारीची, शंभरी इंग्लंडातल्या शेल्सली वॉल्शला साजरी करतोयस, झकास! घड्याळ लावून एकेक गाडी वर पळवायच्या शर्यतीचा १९०५ पासूनचा चढ आहे तो, लांबी १००० यार्ड. पण केकबिक नंतर, आधी क्लच. सेव्हनचं क्लच पेडल जेमतेम बोटभर हलतं. पाय पटकन उचललास की गाडी उडी मारून बंद. सुरुवातीला मागच्या चाकाला ठोकळा लावतात, त्यामुळे ब्रेक दाबून धरायला नको. (तसेही ते ब्रेक नावालाच!) इंजिन ७४७ सीसीचं, तेव्हा घड्याळाकडे बघूच नकोस. ‘एसेस’च्या, म्हणजे इंग्रजी S सारख्या, वळणांआधीच गिअर उतरव, ऐन वळणात शोधत बसलास तर गाडी तिथेच दमते. आणि हार घालायचा तो खाली परतल्यावर. रेडिएटरपुढे झेंडू लोंबले की पाणी उकळलंच म्हणून समज.