पाच नर्स, तरी ड्युटीवर एकच

(या वेळी तीन पत्रं घेतलीत. वेगवेगळ्या गावांहून आलीत पण विषय फिरून एकच निघाला, छोट्या आणि गरीब देशांत नर्स-डॉक्टर का पुरत नाहीत, म्हणून एकत्र टाकतोय.)

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझी बायको जीएनएम, म्हणजे डिप्लोमावाली नर्स आहे, इथं खाजगीत आठ वर्षं केली आणि आता मालदीवच्या एका बारक्या बेटावर हेल्थ सेंटरला कॉन्ट्रॅक्टवर गेलीय. बेटावर माणसं जेमतेम हजार आणि नर्स पाच! आमच्या पीएचसीखाली तीस हजार लोकं येतात, तिथं पण एवढ्या नाहीत. तरी ही फोनवर रडते की डबल ड्युटी पडते, सुट्टी मिळत नाही. वर तिथले लोक अजून नर्स मागवतातच आहेत. ही मला येड्यात काढतीय का त्यांचं प्लॅनिंगच गंडलंय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अहो, वहिनी खरं सांगतायत, गंडलाय तो तुमचा भागाकार. हजार भागिले पाच, दोनशे माणसांमागे एक नर्स, म्हणजे आरामच आराम, असंच वाटतं ना? आता एक कागद घ्या. सेंटर चोवीस तास उघडं ठेवायचं तर वर्षाचे तास झाले ८,७६०. एक नर्स वर्षातून किती दिवस कामावर असते? ३६५ मधून ५२ आठवडी सुट्ट्या काढा, महिनाभराची रजा काढा, सणावाराचे दहा दिवस, आजारपणाचे सात-आठ, उरले साधारण २६५. गुणिले आठ तास, म्हणजे २,१२०. आता ८,७६० ला २,१२० नं भागा, उत्तर चारच्या वर येतं. एका खुर्चीवर रात्रंदिवस एक माणूस बसवायला पाच माणसं पगारावर लागतात ती अशी. म्हणजे वहिनींच्या बेटावर पाच नर्स आहेत याचा अर्थ कुठल्याही क्षणाला तिथं नर्स एक आहे, बस. त्यातली एक महिनाभर गावी आली आणि दुसरीला ताप भरला की उरलेल्या तिघींचा चार्ट कसा लागतो ते मला विचारा, उपजिल्हा रुग्णालयात असताना दर महिन्याच्या पंचवीस तारखेला मी तो चार्ट घेऊन बसायचो आणि दिवाळीच्या महिन्यात तर सिस्टर लोक माझ्याशी बोलणं सोडायच्या.

आणि बेटावर अजून एक भानगड असते. अडलेली बाळंतीण रात्री दोनला आली, इथं जमणार नाही, अटॉलच्या, म्हणजे आसपासच्या बेटांच्या समूहाच्या हॉस्पिटलला न्यायचं, मग स्पीडबोट. पेशंटबरोबर नर्स जायलाच हवी. ती बोटीत बसली की मागं सेंटरला कोण? जिची दुपारपाळी संपून डोळा लागलाय तिला उठवायचं. ही झाली तुमची डबल ड्युटी.

मालदीवची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, पण ती माणसं सुमारे १९० बेटांवर पसरलेली. एकाच गावात असती तर दोन-तीन दणदणीत हॉस्पिटलांत काम भागलं असतं, पण पाणी मध्ये आहे त्याला काय करणार, प्रत्येक बेटावर कमीत कमी एक टीम ठेवावीच लागते, पेशंट दिवसाला दहा येवोत नाहीतर दोन. म्हणून अशा देशांचे आकडे कागदावर गुबगुबीत दिसतात. एवढी माणसं स्वतःची शिकवून तयार करायला तेवढी पोरं पाहिजेत, तेवढे मास्तर पाहिजेत, ते नाहीत म्हणून केरळपासून कोल्हापूरपर्यंत जाहिराती. त्यात कॉन्ट्रॅक्ट दोन-दोन वर्षांचं, बाईला बेटावरच्या बायकांची भाषा जरा कुठं कळायला लागली की तिची परत यायची वेळ झाली.

प्रश्न : सर, मी एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला) आहे. असाइनमेंटसाठी आफ्रिकेतला मलावी देश घेतलाय. मला साधा प्रश्न पडलाय की डॉक्टर कमी आहेत तर मेडिकल कॉलेज वाढवत का नाहीत? – विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : वाढवलं की! मलावीत १९९१ साली ब्लँटायरला मेडिकल कॉलेज निघालं, त्याआधी पोरं परदेशात शिकायला जायची आणि बरीचशी तिकडचीच व्हायची. पण कॉलेज काढून नळ मोठा केला आणि हंडा खाली गळतोय तर काय उपयोग? पगार तुटपुंजा, वॉर्डात हातमोजे नाहीत, त्यात एचआयव्हीनं खुद्द दवाखान्यातलीच माणसं चालली होती, आणि ज्यांना जमलं त्या नर्स इंग्लंडला. २००४ साली सरकारनं शेवटी आणीबाणीचाच कार्यक्रम काढला, ब्रिटनसारख्या देणगीदारांच्या पैशावर. डॉक्टर, नर्स, लॅबवाले अशा अकरा प्रकारच्या कर्मचाऱ्यांचा पगार ५२ टक्क्यांनी वाढवला, शिकवायच्या जागा वाढवल्या, आणि आपली पोरं तयार होईपर्यंत बाहेरचे डॉक्टर आणून भोक बुजवलं. २००४ ला या अकरा प्रकारांत ५,४५३ माणसं होती, २००९ ला ८,३६९ झाली. वाईट नाही. देणगीदार सहसा इमारत बांधून देतात आणि पाटीवर नाव कोरतात, पगार द्यायला कुणी तयार नसतो, इथं तो दिला म्हणून एवढं तरी झालं असं माझं मत.

पण उधारीचा पगार. २०१२ च्या मे महिन्यात क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, जोरदार अवमूल्यन झालं, महागाईनं वाढ खाऊन टाकली, आणि त्या दशकात पुढं अशीही वेळ आली की शिकून पास झालेल्या नर्स घरी बसून आणि वॉर्डात जागा रिकाम्या, का तर भरायला तिजोरीत पैसे नाहीत. आरोग्य खातं म्हणतं माणसं हवीत, अर्थखातं म्हणतं पगाराचं बिल वाढवायचं नाही. तुझ्या असाइनमेंटमध्ये हे भांडण लिहिलंस तरच ती वाचण्यासारखी होईल.

आणि क्लिनिकल ऑफिसरला विसरू नकोस. तीन वर्षांचा डिप्लोमा, वर ट्रेनिंगचं एक वर्ष, एमबीबीएस नाही, पण जिल्ह्याच्या हॉस्पिटलात रात्री सिझेरियन कोण करतं तर हाच. मलावीतली बहुतेक सिझेरियन यांच्याच हातची. आपल्याकडे हे नुसतं उच्चारलं तरी मोर्चे निघतील. गंमत म्हणजे त्या डिप्लोमाला बाहेर फारशी किंमत नाही, म्हणून तो माणूस देशातच राहतो! अर्थात यावर खूश होऊ नये, त्याला बढती नाही, पुढचं शिक्षण मिळायची मारामार, आणि चाळिशीत कंटाळून तो एखाद्या एनजीओत ऑफिसची नोकरी धरतो.

तुलनेला पूर्व तिमोर घे. २००२ ला स्वतंत्र झाला तेव्हा स्वतःचे डॉक्टर मोजून काही डझन, मग क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोनं हजार जागांची शिष्यवृत्ती देऊ केली, पोरं क्युबाला गेली आणि २०१० नंतर थव्यानं परत आली. देश लहान असला की असा एक उपकारसुद्धा अंगावर येतो, कारण शेकडो नवे डॉक्टर एकदम आले की त्यांना वॉर्डात हाताखाली घेऊन शिकवणारे सीनियर कुठून आणायचे? सगळे एका वयाचे, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांनी रिटायर पण एकदमच होणार. म्हणून किती डॉक्टर आहेत हे विचारून थांबू नकोस, त्यांच्या जन्मतारखा बघ. आणि प्रत्येक केंद्रावर कामाचा बोजा किती, त्यावरून माणसं मोजायची जागतिक आरोग्य संघटनेची विस्न (WISN) नावाची पद्धत आहे ती वाच, वर कोल्हापूरच्या पत्रात एका नर्सचे वर्षातले कामाचे तास काढले, तो तिचाच एक भाग.

प्रश्न : गरीब देशांच्या नर्स श्रीमंत देश पळवतात यावर बंदी का नाही? – निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : सर, बंदी कुणावर घालणार? भूतानचंच बघा, आठ लाखांच्या आतला देश, एमबीबीएस स्वतःचं सुरू व्हायला २०२३ उजाडलं, आणि कोविडनंतर तिथल्या नर्स ऑस्ट्रेलियाला चाललेल्या. त्या बाईला घर बांधायचंय, तिला कुठल्या तोंडानं थांब म्हणायचं? नियम आहे तो भरती करणाऱ्या देशांसाठी. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेनं आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक, मोडली तर दंड वगैरे काही नाही. माणसांची टंचाई असलेल्या देशांच्या तिच्या २०२३ च्या यादीत ५५ देश आहेत, तिथून जाहिरातबाजी करून माणसं उचलू नका असं सांगितलंय. मलावी त्यात आहे. स्वतःहून कुणी गेलं तर मात्र अडवत नाहीत. मोठ्या देशातून शंभर नर्स गेल्या तर पेपरात ओळ येत नाही, पण चिमुकल्या देशात भूल देणारा एकुलता एक डॉक्टर गेला की त्या दिवसापासून ऑपरेशन बंद, तिथं दोन टक्के-तीन टक्के असला हिशोबच चालत नाही.

भारत त्या यादीत नाही. तेव्हा कोल्हापूरच्या वहिनींनी मनाला लावून घेऊ नये, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना रजेवर गेल्यावर बदली माणूस कोण येणार एवढं मात्र लेखी घ्यावं.