जॉन, इव्हान, हुआन, हान्स आणि याह्या ही खरंच एकाच नावाची रूपं आहेत का?

तुम्ही विचारलंय की ही सगळी एकाच हीब्रू नावाची रूपं आहेत हे खरं, की अर्थ सारखा म्हणून नंतर कुणीतरी जुळवलेलं. आणि खरं असेल तर उच्चार इतके लांब कसे गेले.

पहिली चार नक्की एकच आहेत. तोच शब्द एका कानातून दुसऱ्या कानात जाताना झिजत गेलाय. याह्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मला या विषयाची गोडी कामामुळे लागली. मुंबईत खलाशांची कागदपत्रं तयार करण्यात माझी बावीस वर्षं गेली. एकदा एकाच जहाजाच्या क्रू लिस्टवर चीफ इंजिनिअर बल्गेरियाचा इव्हान, सेकंड मेट पोलंडचा यान, कुक फिलिपिन्सचा हुआन आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आपल्या गोव्याचा, पासपोर्टवर जे-ओ-ए-ओ असलेला. त्या दिवशी कळलं की एका नावाने हाक मारली असती तर चौघांनीही ओ द्यायला हवी होती. तेव्हापासून मिळेल ते वाचत आलोय.

मूळ नाव योहानान, त्याचं लांब रूप यहोहानान. 'यहो' म्हणजे यहुद्यांच्या देवाचं नाव, आणि 'हानान' म्हणजे त्याने कृपा केली. आपल्याकडे रामप्रसाद, शिवप्रसाद, गुरुप्रसाद ही नावं जशी घडतात, अगदी तशीच ही घडण आहे. हेच दोन तुकडे उलटे लावले की हनन्या होतं. देव बदलला की नावही बदलतं: रोमला घाम फोडणारा कार्थेजचा सेनापती हानिबाल म्हणजे बाल देवाचा प्रसाद. कार्थेजची भाषा फिनिशियन आणि हीब्रू या सख्ख्या बहिणी, त्यामुळे धातू तोच. हन्ना, ॲना, ॲन ही बायकांची नावंही त्याच धातूतली.

येशूच्या काळात हे नाव यहुदी समाजात घरोघरी होतं. १९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेला एका थडग्यात दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यावर यहोहानान हे नाव कोरलेलं होतं, आणि आत टाचेचं एक हाड होतं ज्यात साडेअकरा सेंटीमीटरचा लोखंडी खिळा अजून अडकलेला होता. खिळ्याचं टोक वाकलेलं होतं. पहिल्या शतकात रोमनांनी क्रुसावर चढवलेला हा माणूस. त्याचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ दुसरं काही वाचवेना. ज्या नावाची रूपं मी वर्षानुवर्षं टाइप करत होतो, ते कुणा आईबापांनी या मुलाला देवाची कृपा म्हणून ठेवलं होतं.

आता प्रवास. हीब्रू नावातला 'ह' आपल्यासारखा हलका नाही, तो घसा घासून येतो. ग्रीकांकडे शब्दाच्या मधे असा आवाज नव्हता, लिहायला अक्षरही नव्हतं. त्यांनी तो सोडला आणि पुरुषाच्या नावाला लागतो तसा शेवट जोडला: इओआन्नेस. लॅटिनमध्ये त्याचं योहान्नेस झालं, लिहिताना एच परत आला. इंग्रजी जॉनच्या स्पेलिंगमध्ये मुका एच बसलेला दिसतो ना, तो हाच. शाळेत आपण तो नुसता पाठ करतो. खरं तर त्या घशातल्या आवाजाची जागा तो अजून धरून आहे.

यापुढे एक खूण लक्षात ठेवा: 'न' शोधा. बाकी सगळं पडतं, 'न' सहसा पडत नाही.

रशियन चर्चच्या भाषेत इओआन्न राहिलं, पण लोकांच्या तोंडी दोन स्वरांच्या मधे 'व' शिरला आणि इव्हान झालं. पोलिश आणि चेक लोकांनी आखडून यान केलं, हंगेरीत यानोश, लॅटव्हियात यानिस. जर्मनीत उलटंच घडलं. योहान्नेसचा पुढचा भाग गळला आणि हान्नेस, हान्स उरलं. म्हणजे देवाचं नाव गेलं आणि नुसती कृपा राहिली, जसं गुरुप्रसादला घरात प्रसाद म्हणतात. स्पॅनिश हुआनमधला 'ह' पाहून पुष्कळांना वाटतं की हीब्रू 'ह' सापडला. तसं नाही. तो सुरुवातीच्या 'य'चाच बदलत बदलत झालेला आवाज आहे. मूळचा 'ह' तिथे कधीच हरवला होता.

आणि पोर्तुगीज. तिथे दोन स्वरांमधला 'न' विरघळला, पण जाताना स्वरात नाक सोडून गेला. आपल्या अनुस्वाराचं काम ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच समजेल. पोर्तुगीज लिहिताना त्या 'ए'वर नागमोडी रेघ देतात, आणि उच्चार होतो साधारण झुआंव. कोकणीत जुवांव. इथेही इव्हानसारखाच मधे 'व' आला, रशियाशी काही संबंध नसताना! आमच्या संगणकात ती नागमोडी रेघ उमटायची नाही, म्हणून बोसनला सगळे "जोआओ" म्हणायचे. त्याने एकदा शांतपणे सांगितलं, "घरी मला जुवांव म्हणतात." मराठी वर्तमानपत्रांतही मी 'जोआओ' वाचतो तेव्हा मला वाईट वाटतं. ज्या एका जागी 'न' अनुस्वार होऊन जिवंत आहे, नेमका तोच आपण पुसतो, आणि आपल्या लिपीत तर त्यासाठी टिंब तयार आहे.

इंग्रजी जॉन फ्रेंचांकडून आला. जुन्या फ्रेंचमध्ये जेहान होतं, सुरुवातीला स्पष्ट 'ज'. पुढे फ्रेंचांचा 'ज' मऊ होऊन 'झ'कडे गेला, इंग्रजांनी मात्र जुना उच्चार जपला. आयर्लंडमध्ये हे नाव दोनदा आलं. चर्चच्या लॅटिनमधून आलेलं ओवेन, आणि मग नॉर्मन लोकांबरोबर आलेला जेहान. आयरिश तोंडात 'ज' नव्हता, त्याचा 'श' झाला आणि शॉन घडलं. वेल्समध्ये इव्हान, त्यावरून इव्हान्स. आणि तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव जोन्स, म्हणजे जॉनचा मुलगा. जेन, जोन, योहान्ना, इव्हाना, शिव्हॉन ही सगळी याच घरच्या मुलींची नावं.

पूर्वेकडची वाट फार लोकांना ठाऊक नसते, आणि मला तीच जास्त आवडते. सिरियाक ही अरामी भाषा, हीब्रूची जवळची नातलग, त्यामुळे तिने मधला 'ह' टाकला नाही. ती प्रार्थनेची भाषा म्हणून केरळच्या ख्रिस्ती लोकांकडे पोचली, म्हणून तिथे योहन्नान आणि उलहन्नान अशी नावं आहेत. गोव्यात तेच नाव लिस्बनहून आलं आणि जुवांव झालं. एकाच पश्चिम किनाऱ्यावर एक नाव दोन वाटांनी उतरलं, आणि केरळचं रूप मुळाच्या कितीतरी जवळ राहिलं. मराठी बायबलमध्ये 'योहान' आहे. त्यातही 'ह' नीट ऐकू येतो.

(बेने इस्राएलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, विचाराल तर त्यांच्यात अशी झीज दुसऱ्या नावांवर दिसते. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे दिवेकर हीब्रूत शमुएल, पण लोकांत समाजी. 'जी' लागून नाव अगदी कोकणातलं झालं.)

आता याह्या. कुराणातला याह्या आणि बायबलमधला बाप्तिस्मा देणारा योहान ही व्यक्ती एकच, बाप जकरिया. पण अरबी बोलणारे ख्रिस्ती त्याला युहन्ना म्हणतात. ते सरळ मूळ नाव, 'ह' आणि 'न' दोन्ही जागेवर. याह्यात 'न' नाही आणि अरबी कानाला त्यात 'जगणं' हा धातू ऐकू येतो. काही अभ्यासक म्हणतात की जुन्या अरबी लिखाणात नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, देत नसत, तेव्हा शब्दामधला 'न' आणि 'य' सारखेच दिसत, त्यातून हे रूप आलं. मुस्लिम परंपरा याह्या हे स्वतंत्र, अल्लाहने दिलेलं नाव मानते. म्हणून मी म्हणेन: माणूस एक, शब्द एकच असेल असं छातीठोकपणे सांगू नये.

हे नाव इतकं पसरलं त्याचं कारण दोन माणसं, हा बाप्तिस्मा देणारा योहान आणि येशूचा शिष्य योहान. पहिल्याच्या नामकरणाची हकिगत लूकच्या शुभवर्तमानात आहे. म्हातारपणी मूल झालेलं, आठव्या दिवशी नातेवाईक जमलेले, सगळ्यांना बापाचंच नाव ठेवायचंय. आई म्हणते योहान. नातेवाईक म्हणतात, तुमच्या घराण्यात हे नाव कुणाचंच नाही. बापाची वाचा गेलेली. तो पाटी मागतो आणि लिहितो: याचं नाव योहान. कुराणातही, सूरा मरियममध्ये, जकरियाला सांगितलं जातं की हे नाव याआधी कुणाला दिलेलं नाही.

त्याच योहानाचा जन्मदिवस २४ जून, नाताळच्या सहा महिने आधी. गोव्यात त्याला सांजांव म्हणतात. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून लोक "व्हिवा सांजांव" ओरडत विहिरीत उड्या मारतात, कारण येशूची आई मरिया भेटायला आली तेव्हा हा आईच्या पोटात आनंदाने उडाला होता अशी कथा आहे. ज्या घरात वर्षभरात मूल जन्मलं किंवा नवा जावई आला, तिथे तर विचारूच नका. आमचा बोसन सुट्टी मागायचा ती याच दिवसाच्या बेताने. जून महिन्याच्या क्रू लिस्टवर त्याचं नाव मला कधीच टाइप करावं लागलं नाही.