इंग्रजीतल्या 'मसल' या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

अर्थ सोपा आहे: स्नायू. गंमत त्याच्या जन्मात आहे. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर, उंदराचं पिल्लू. हात कोपरात दुमडून दंड फुगवा, कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं ना? रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला. आपल्याला दिसला बेडूक, म्हणून आपण 'बेटकुळी' काढतो! मला विचाराल तर आपली उपमा जास्त जमलीये.

लॅटिनमधला तो शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आपला 'मूषक' हा त्या 'मूस'चा लांबचा भाऊबंद. ग्रीकमध्येही 'म्यूस' म्हणजे उंदीर आणि स्नायू दोन्ही. हार्ट अटॅकच्या रिपोर्टवर 'मायोकार्डियल' लिहितात त्यातला 'मायो' तोच.

उच्चारात स्पेलिंगमधला 'सी' गप्प असतो, पण 'मस्क्युलर' म्हणताना तो 'क' होऊन बोलतो. शिंपल्यातल्या 'मसल'चं (गोव्यातले शिणाणे) स्पेलिंग वेगळं, उच्चार मात्र हाच आणि मूळही हेच.

वापर: 'मसल पॉवर' म्हणजे दंडेली, 'मसल इन' म्हणजे दांडगाईने घुसणं. मराठीतही दंड आणि दंडेली शेजारीशेजारीच आहेत, बघा.

हिंदीतून भाषांतर करत असाल तर जपून. तिथे मसलला 'मांसपेशी' म्हणतात आणि 'स्नायु' बऱ्याचदा मज्जातंतूसाठी वापरतात. मराठीत पेशी म्हणजे सेल.