लेस्टरमध्ये भाड्याचे घर पाहताना अक्षरापेक्षा भिंतीची ओळ वाचा

ताई, सप्टेंबरमध्ये सांगलीहून इंग्लंडमधल्या लेस्टरला येताना घर बेलग्रेव्हजवळ, आपल्या किराणा दुकानांच्या भागात घ्यावे की मुलाच्या शाळेजवळ, आणि जाहिरातीत डी किंवा ई असे जे अक्षर असते त्याला कितपत महत्त्व द्यावे, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि आरोग्य अधिभार यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर आहे, ती मी पुन्हा लिहीत नाही. अक्षराबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तो विषय निघाला की मला अजूनही गप्प बसवत नाही.

ते अक्षर एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेटचे, म्हणजे ईपीसीचे. आपल्याकडे फ्रिजवर स्टार असतात, तशी इंग्लंड आणि वेल्समध्ये घरांना ए ते जी अशी श्रेणी मिळते. ६९ ते ८० गुणांना सी, ५५ ते ६८ ला डी, ३९ ते ५४ ला ई. प्रमाणपत्र १० वर्षे चालते, आणि २०२० पासून, काही सवलती सोडल्या तर, ईच्या खालचे घर भाड्याने देता येत नाही. पोस्टकोड टाकला की कोणत्याही घराचे प्रमाणपत्र सरकारी नोंदवहीत विनामूल्य पाहता येते.

हे गुण कोणाच्या बिलावरून दिलेले नसतात. तपासनीस घर तापवणारा बॉयलर, खिडक्या, माळ्यावरचे इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर पाहतो आणि भिंतीचा अंदाज बहुतेक वेळा घराच्या वयावरून बांधतो. शिवाय गुण मोजतात ते घर तापवण्याच्या अंदाजे खर्चावर. त्यामुळे जुन्या भरीव विटांच्या घरात नवा गॅस बॉयलर बसवला की गुण वाढतात, भिंत मात्र होती तितकीच थंड राहते. याउलट, दोन थरांतली पोकळी इन्सुलेशनने भरलेल्या भिंतीचे घर केवळ विजेच्या महागड्या हीटरमुळे डीमध्ये पडू शकते. म्हणून अक्षराच्या खाली जो तक्ता असतो त्यातली भिंतीची ओळ वाचावी. तिथे ‘भरीव वीट, इन्सुलेशन नाही, गृहीत धरलेले’ अशा अर्थाचे लिहिले असेल, तर थांबून विचार करावा. बेलग्रेव्हमध्ये आणि स्टेशनच्या मागे हायफिल्ड्समध्ये अशा जुन्या सलग घरांच्या रांगा पुष्कळ आहेत.

आमचे पहिले घर ई होते, म्हणजे कायद्यात बसणारे. नवख्याकडे इथल्या पगाराच्या पावत्या नसतात, हमीदार नसतो, बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि घर मिळाल्याशिवाय पत्ता नसतो. अशा वेळी जो एजंट हो म्हणतो, त्याचे घर घेतले जाते. नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटामागे काळे ठिपके आले आणि मुलीचा शाळेचा स्वेटर स्टँडवर दोन-दोन दिवस ओलाच राहू लागला. एजंटने येऊन पाहिले आणि सांगितले की तुमच्या स्वयंपाकाची वाफ फार होते, कुकर कमी लावा, खिडक्या उघडा.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. २०१९ च्या पुरानंतर गिलावा सुटलेल्या भिंती वाळायची वाट आम्ही महिनोन्‌महिने पाहिली आहे, त्यामुळे ओल म्हणजे काय हे मला त्याच्याकडून शिकायचे नव्हते. वाफ आमचीच होती हे खरे. पण ती कुठेतरी जाऊन बसणार, आणि ती बसत होती ती घरातल्या सर्वांत थंड भिंतीवर. ती भिंत घरमालकाची होती. आणि चारच्या सुमारास अंधार पडणाऱ्या डिसेंबरमध्ये खिडक्या उघडायच्या म्हणजे पैसे मोजून तापवलेली हवा बाहेर सोडायची.

मुलीचा खोकला त्या हिवाळ्यात हटला नाही. तो भिंतीमुळेच आहे असे कोणत्याही डॉक्टरने लिहून दिले नाही, म्हणून मीही तसे ठामपणे म्हणणार नाही. शाळेकडून मात्र पत्र आले, हजेरी ९० टक्क्यांखाली गेली आहे, पालकांनी शिक्षणाचे महत्त्व लक्षात घ्यावे. सांगलीत माझ्या आईने चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला. तिच्या नातीच्या घरी हे पत्र यावे, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आईला ते कधी सांगितले नाही. व्हिडिओ कॉलवर आम्ही ती भिंत दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसत असू.

एकटेपणाबद्दल आपण विचारले आहे. त्याची सवय होते.

घर पाहायला जाल तेव्हा बाहेरच्या भिंतीलगतचे कपाट थोडे पुढे ओढून मागे पाहावे. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर का, ते विचारावे. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला पंखा सुरू करून त्याच्या जाळीला कागद लावून पाहावा. तो चिकटला नाही तर पंखा नावापुरताच आहे. मीटर प्रीपेड आहे का, हेही विचारावे, कारण थंडीत त्यातले पैसे भराभर संपतात. माझ्या मते भरलेल्या पोकळीच्या भिंतीचे घर शाळेच्या जवळपास मिळत असेल तर तेच घ्यावे. बेलग्रेव्हची मेथी बसने आणता येते. दोन-तीन पोस्टकोड निश्चित झाले की कळवा, नोंदवहीत भिंतीची ओळ मी पाहून सांगतो.